हवेचा पाटकरी

सार्जोनो, जावातील पुरुषांच्या रीतीप्रमाणे लग्नानंतर घेतलेले नाव हादिसुमार्तो. जन्म १९५६, जावी पंचांगातील पाहिंग बुधवारी, बान्यूसुमिलिर गावच्या खालच्या वाडीत; मृत्यू जुलै २०२१, त्याच घरात. गावचे उलू-उलू, म्हणजे शेतांना पाण्याची पाळी लावणारे पाटकरी, एकूण चौतीस वर्षे. आणि त्यांपैकी अखेरची तीन वर्षे, ग्रामसभेच्या ठरावान्वये, हवेचेही पाटकरी. हे दुसरे पद तालुक्याच्या कोणत्याही यादीत नाही. ते कसे निर्माण झाले हे गावचा चारिक, म्हणजे सचिव, या नात्याने मी समोर बसून पाहिले आहे. त्यांच्या मृत्यूनंतरच्या सहस्राव्या दिवसाचे जेवण गेल्या आठवड्यात झाले. आता ते लिहून ठेवणे उचित होईल.

पाक सार्जोनो (पाक म्हणजे आदराचे 'बाबा') उंचीने कमी, पण पावले रुंद. बांधावर ते नेहमी अनवाणी चालत आणि चपला कुदळीच्या दांड्याला अडकवीत. त्या दांड्यावर बोट-बोट अंतराने खाचा होत्या. पाण्याची खोली ते त्यावर मोजीत. मात्र पाटाचे कोणतेही दार उघडण्यापूर्वी ते प्रथम पाण्यात हात घालून थोडा वेळ स्वस्थ बसत. घाईच्या माणसाला त्यांचा राग येई. ते स्वतः मात्र रागवत नसत. शिव्या त्यांनी जळवांसारख्या घेतल्या, निमूटपणे काढून बाजूला टाकल्या.

सुंबिंग ज्वालामुखीच्या उतारावर आमच्या साऱ्या शेतांना झरा एकच. इतर गावांत कोरड्या महिन्यांत पाळी वरून खाली येते. पाक सार्जोनो यांनी ती खालून वर नेली, सर्वांत खालच्या शेताला पहिले पाणी. वरच्या वाडीने जाब विचारला तेव्हा त्यांनी एवढेच उत्तर दिले, "वरच्याला पाणी दिसतं. खालच्याला नुसता भरवसा असतो. आधी भरवसा भिजवायचा."

आमच्या पाटांची आणखी एक रीत येथेच नोंदवतो, कारण पुढील सारा प्रसंग तिच्यावर उभा आहे. पाटकऱ्याच्या चुकीने कोणाचे शेत बुडाले अथवा सुकले, तर पाटकऱ्याने प्रथम स्वतःच्या शेताचे दार बंद करायचे आणि त्यावर ओल्या चिखलाची ढेप ठेवायची. ती ढेप त्याने स्वतः उचलायची नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने ती आपल्या हाताने उचलली, तरच पाटकऱ्याच्या शेताला पुन्हा पाणी. तीस वर्षांत पाक सार्जोनो यांनी अशी ढेप दोनदा ठेवली होती. एकदा ती अकरा दिवस कोणी उचलली नाही आणि त्यांची मिरची वाळली. त्यांनी आठवणही करून दिली नाही.

हवेच्या कामात ते २०१० मध्ये शिरले. आमचे गाव डोंगराच्या काखेत असल्याने मोबाइलचा सिग्नल येथे पोचत नाही. त्यांची कन्या वेनिंग खोऱ्यापलीकडच्या तंत्रशाळेत शिकत होती. तिने बापाला सांगितले की, शाळेच्या छपरावरचे इंटरनेट चार किलोमीटर हवेतून घरी आणता येते, फक्त एक खोलगट भांडे हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी तुगिनेम स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवरा-बायको एकमेकांना 'पाकने' आणि 'बुने', म्हणजे मुलीचे बाबा आणि मुलीची आई, असे म्हणत.

"पाकने, माझी मोठी कढई कुठंय?"

"छपरावर."

"छपरावर काय तळताय?"

"इंटरनेट, बुने."

"बरं. तळून झालं की घासून आणून द्या."

"देतो," पाक सार्जोनो म्हणाले, आणि कढईच्या मधोमध भोक पाडण्याचे काम त्यांनी पुढे चालू ठेवले.

त्या कढईने सहा वर्षे काम दिले. पुढे खरी अँटेना आली, खांब आला, आणि आसपासची त्रेसष्ट घरे त्यांच्या खांबाकडे तोंड करून छोट्या अँटेना लावून बसली. कढई मात्र छपरावरच राहिली, कारण तिच्याखाली कौले गळत नसत.

आता, जे एका छपरावरून दिसते ते शेजाऱ्यालाही दिसते. २०१६ पर्यंत गावात आणि वरच्या वाड्यांत असे इंटरनेट वाटणारे सात चालक झाले. त्यांत सर्वांत मोठ्या बू, म्हणजे बाई, रुमियातुन. वरच्या वाडीत त्यांचे किराणा दुकान, दुकानामागे छत्तीस मीटरचा मनोरा, आणि मनोऱ्याखाली दोनशे बारा घरे. बाई विधवा, हिशेबाला पक्की, जिभेला तिखट. आपला रेडिओ त्यांनी यंत्रात मिळेल तेवढ्या शक्तीवर आणि मिळेल तेवढ्या रुंदीवर लावला होता. त्यामुळे हवेतल्या पाच पाटांपैकी, म्हणजे चॅनलांपैकी, चार पाट त्या एकट्याच अडवून बसत. उरलेले सहा जण मग आपापला आवाज वाढवीत, आणि एकाची वाढ दुसऱ्याला पुरेनाशी होई.

लोक पाक सार्जोनोंकडे तक्रार आणीत. "पाक उलू, इंटरनेट दमलंय हो."

"दमलं नाही. बहिरं झालंय," ते सांगत. "मागच्या महिन्यात शेजारी-शेजारी दोन लग्नं झाली ना? दोघांनी कर्णे वाढवत नेले. शेवटी काजीसाहेबांनी नवऱ्याला काय विचारलं, ते नवऱ्याला तरी ऐकू आलं का?"

"तो तर 'हो' म्हणाला."

"तो 'काय?' म्हणाला होता. लोकांनी 'हो' लिहून घेतलं."

त्यांचा इलाज पाटावरचाच होता. चौकटीच्या कागदाची एक वही त्यांनी केली: आडव्या ओळीत घरे, उभ्या ओळीत चॅनल, आणि प्रत्येक चौकटीत सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन नोंदी. कोठे बिघाड झाला की ते प्रथम स्वतःचा रेडिओ बंद करीत आणि पूर्ण एक दिवस केवळ इतरांचे ऐकत. बू रुमियातुन दुकानात बसून म्हणत, "बंद ठेवून इंटरनेट चालवणारा माणूस जगात एकच. आणि तो आमच्याच गावाला मिळायचा होता." तरीही त्यांचे काही ग्राहक हळूच पाक सार्जोनोंनाच विचारायला येत.

एका तंबाखूच्या मोसमात मधल्या वाडीतील नऊ घरांचे इंटरनेट रोज सकाळी नवाला जाई आणि तीनला परत येई. सर्वांचा संशय बू रुमियातुन यांच्या मनोऱ्यावर. पाक सार्जोनो तीन दिवस वही घेऊन उन्हात बसले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी दाखवून दिले की, शेजाऱ्याने चिरलेल्या ओल्या तंबाखूच्या बांबूच्या ताटल्या उन्हाला तिरप्या उभ्या केल्या की त्यांची भिंत रेडिओच्या वाटेत येते; ओले पान सिग्नल पिऊन टाकते. शेजारी ओशाळला आणि ताटल्या हलवू लागला. "राहू द्या," पाक सार्जोनो म्हणाले, "तंबाखूला ऊन एवढंच मिळतं. खांबाला काय, तो दोन मीटर उंच होईल." आणि वहीत त्यांनी लिहिले: ऑगस्ट ते ऑक्टोबर, दोष कोणाचा नाही.

आता मुख्य गोष्ट.

२०१८ पासून नववीची सरकारी परीक्षा आमच्या शाळेतच, संगणकावर, इंटरनेटने घेण्याची परवानगी मुख्याध्यापिका बू विनार्सिह यांनी मोठ्या खटपटीने मिळवली. त्यापूर्वी आमची मुले कोबीच्या ट्रकमध्ये उभी राहून चौदा किलोमीटरवरच्या शहरातील शाळेत परीक्षेला जात. आदल्या वर्षी घाटात दरड कोसळली, एक ट्रक अडकला आणि एकोणीस मुलांचा गणिताचा पेपर बुडाला. त्या एकोणीसांपैकी पाच जणांनी नंतर पुन्हा परीक्षा दिलीच नाही. त्यांतली बहुतेक आज मिरची तोडतात. म्हणून बू विनार्सिह पाक सार्जोनोंकडे आल्या आणि म्हणाल्या, "पाक उलू, चौसष्ट मुलं आहेत. चार सकाळी. एकदाही तुटता कामा नये. तुटलं तर पुढच्या वर्षी परवानगी नाही, पुन्हा ट्रक."

पाक सार्जोनो यांनी आठ दिवस हवा ऐकली. पाचही पाट गर्दीने गढूळ. मग त्यांनी यंत्रातील बाकीचे चॅनल एकेक उघडून पाहिले आणि त्यांना एक असे सापडले की जेथे कोणीच नव्हते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही चौकटी कोऱ्या. त्यांनी ते शाळेला दिले. फेब्रुवारीतील सराव परीक्षा एकदाही न तुटता पार पडली. इतका आनंदित मी त्यांना क्वचितच पाहिले. "पाक चारिक," ते मला म्हणाले, "इतकं नितळ पाणी मी झऱ्याच्या तोंडाशीसुद्धा बघितलं नाही."

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हे रेडिओ बसवताना यंत्र विचारते की आपण कोणत्या देशात आहोत. उत्तर खरे दिले तर त्या देशाच्या कायद्यात बसणारे चॅनल तेवढेच ते दाखवते. आमच्या सातही चालकांनी या प्रश्नाला 'चाचणी' असे उत्तर दिले होते. चाचणी म्हटले की यंत्र सगळी दारे उघडते आणि पुढे काही विचारत नाही. हे कोणी लबाडीने केले नव्हते. पहिल्याने केले, दुसऱ्याने पाहून केले, आणि तीच गावची रीत झाली.

परीक्षा सोमवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता, ग्रामकार्यालयासमोर एक गाडी थांबली. उतरल्या हवामान केंद्रातील एक तरुण अधिकारी, म्बाक (म्हणजे ताई) लारासाती, आणि रेडिओ तपासणीचे एक वयस्क, मितभाषी गृहस्थ. मी पाक सार्जोनोंना बोलावून घेतले, कारण हवेचा विषय निघाला की गावाला तेच आठवत. चहा आणि तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, मांडले. म्बाक लारासाती यांनी टेबलावर एक चित्र पसरले. ते रडारचे चित्र होते: गोल आकाश, त्यात पावसाचे हिरवे-पिवळे ठिपके, आणि मध्यापासून थेट आमच्या डोंगराच्या दिशेने गेलेला एक सरळ पट्टा, भिंतीवर चुन्याचा फटकारा मारावा तसा.

"हा पट्टा म्हणजे पाऊस नाही," त्या म्हणाल्या. "कोणाचा तरी रेडिओ आमच्या रडारच्या जागेवर बोलतोय. फेब्रुवारीपासून. या पट्ट्याखाली खरा ढग आला तरी आम्हाला दिसत नाही."

"आला होता का?" पाक सार्जोनो यांनी विचारले.

"तीन मार्चला. खालच्या कालिगोंडांगला आम्ही इशारा देऊ शकलो नाही. ओढ्याला पूर आला. माणसं वाचली. बांबूचा पूल गेला, आणि एका म्हातारीची चाळीस बदकं."

"पण बाई, तिथं कोणी नव्हतं. मी आठ दिवस ऐकलं."

"रडार हजारात एक भाग बोलतं, पाक. बाकी सगळा वेळ ते ऐकतं. तुमच्या यंत्राला ते बोलणं सापडतच नाही."

पाक सार्जोनो यांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवले. ते चॅनल रिकामे नव्हते. तेथे कोणीतरी ऐकत बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आधी ऐका' असे सांगणाऱ्या माणसाने ऐकणाऱ्याच्याच कानापाशी कर्णा लावला होता. आणि नुकसान झाले ते खालच्या गावाचे.

तपासणीचे गृहस्थ आपली शोधण्याची अँटेना पिशवीतून काढू लागले. "शोधू नका साहेब," पाक सार्जोनो म्हणाले. "तो मीच." चहाचा पेला तसाच ठेवून ते उठले, अनवाणी शाळेपर्यंत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती जोडणी बंद केली. वीस मिनिटांनी म्बाक लारासाती यांच्या फोनवर केंद्रातून निरोप आला नाही, कारण फोनला सिग्नल नव्हता. तो कार्यालयाच्या इंटरनेटवर आला. पट्टा गेला होता.

तपासणीच्या गृहस्थांनी मग यंत्रे तपासली आणि निकाल दिला. रविवारी दुपारपर्यंत सातही चालकांनी यंत्रांना खरा देश सांगून कायद्याच्या पाच चॅनलांत यायचे. ते रविवारी पुन्हा मोजणार. कोणीही बाहेर आढळला तर सातांचीही यंत्रे मोहोरबंद. "परीक्षा आहे, हे मला समजतं," ते जाताना म्हणाले, "पण पावसाला ते सांगता येत नाही."

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, सभागृहात बैठक भरली. इतिवृत्त लिहिण्यासाठी मी टेबलावर कोरे कागद मांडले होते. पाक सार्जोनो सर्वांत शेवटी आले. त्यांच्या दोन्ही हातांत केळीच्या पानावर ठेवलेली ओल्या चिखलाची ढेप होती. ती त्यांनी टेबलाच्या मधोमध, माझ्या कागदांना लागून, ठेवली.

 ती रीत सर्वांना ठाऊक होती. फक्त ती शेतातून टेबलावर कधी आली नव्हती.

"चूक माझी," पाक सार्जोनो म्हणाले. "रिकामा पाट बघून मी हुरळलो. माझं दार बंद. माझी त्रेसष्ट घरं आजपासून अंधारात. घरोघर जाऊन सांगून आलोय. आता पाच पाट उरले. एक अख्खा शाळेला, चार दिवस. राहिले चार. त्यांच्या निम्म्या-निम्म्या रुंदीच्या आठ चाऱ्या होतात. तुम्ही सहा जण त्यांत मावता. पण आवाज सर्वांनी उतरवायचा, आणि जो जितका उंचावर त्याने तितका जास्त. उंचावरचं बोलणं सगळ्यांच्या घरात जातं."

सगळ्यांची तोंडे बू रुमियातुन यांच्याकडे वळली. त्यांनी पदराने वारा घेतला.

"हं, म्हणजे चिखल तुमचा आणि अंघोळ मी करायची?"

"होय, बू."

"दोनशे बारा घरं, पाक उलू! त्यातली निम्मी आधीच म्हणतात, दर महिन्याला देतो आणि चक्री गोल-गोल फिरताना बघतो. चारी केली तर दुकानात येऊन माझीच चक्री करतील."

"करतील."

"हा बघा! नुसतं 'होय' आणि 'करतील'. भांडायला माणूस तरी नीट द्या मला."

पलीकडून एक चालक म्हणाला, "बू, तुमच्या मनोऱ्यानं माझ्या कोंबड्यासुद्धा तुमच्याकडं तोंड करून बसतात."

"तुझ्या कोंबड्यांना अक्कल आहे, तुला नाही," बू रुमियातुन म्हणाल्या. मग त्या ढेपेकडे पाहत राहिल्या. चिखलाचे पाणी केळीच्या पानावरून ओघळून माझ्या पहिल्या कागदापर्यंत आले होते.

मागच्या रांगेतून बू विनार्सिह पुढे आल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बू रुमी, गेल्या वर्षीच्या त्या ट्रकमध्ये तुमचा पुतण्या होता."

हे खरे होते. तो त्या पाचांपैकी एक. आता तो मनोऱ्यावर चढउताराचे काम करतो आणि शाळेचा विषय काढलेला त्याला खपत नाही.

बू रुमियातुन उठल्या. "ही ढेप उचलायचा हक्क कोणाचा, पाक चारिक?"

"ज्याचे नुकसान झाले त्याचा," मी सांगितले. "कालिगोंडांगचे कोणी येथे नाही."

"आणि माझं नाही झालं? तपासणीवाला कोणामुळं आला? उद्या माझ्या यंत्रांना मोहोर लागणार ती कोणामुळं?" त्यांनी बाह्या सारल्या, ढेप दोन्ही हातांनी उचलली आणि दारापर्यंत नेऊन बाहेरच्या कुंडीत टाकली. "झालं. उघडा तुमचं दार. चाऱ्या आठ आहेत, चालक सात, सातवी तुमची. आणि पाक चारिकना एक फडकं द्या कोणीतरी, त्यांचा जीव चाललाय."

माझा जीव जात नव्हता. परंतु कागद खराब झाला होता, हे खरे.

"पण एक अट," त्या हात धुताना म्हणाल्या. "किती उतरवायचं, ते तुम्ही वहीत बघून मला सांगायचं नाही. मी तुमची विद्यार्थीण नाही. उद्या सकाळी तुम्ही शाळेच्या छपरावर बसा. मी एकेक पायरी उतरवते. पुरे झालं की सांगा."

"सांगणार कसं? यंत्रं बदलताना सगळ्यांचंच इंटरनेट बंद असणार," पाक सार्जोनो म्हणाले.

"केन्तोंगान नाही का तुमच्या शाळेत? का तोही विकला?"

केन्तोंगान म्हणजे आमचा लाकडी पोकळ ढोल, प्रत्येक चौकीपाशी टांगलेला. आग, चोर, मृत्यू, प्रत्येकाचा ठोका निराळा. शनिवारी सकाळी आठ वाजता वरच्या वाडीतून पहिला ठोका आला: एक. याचा अर्थ, एक पायरी उतरले. शाळेच्या छपरावर पाक सार्जोनो संगणकाच्या पडद्याकडे पाहत होते. त्यांनी खाली पाहून मान हलवली आणि बू विनार्सिह यांनी उलट एक ठोका दिला: अजून ऐकू येते. दरीपलीकडून पुन्हा एक. इकडून पुन्हा एक. चौथ्या ठोक्यापर्यंत कोबीच्या शेतातील बायका खुरपी थांबवून मोजू लागल्या होत्या. सहाव्याला कोणी तरी ओरडले, "बू रुमी, अजून किती मोठ्यानं बोलता हो!" नवव्या ठोक्याला पाक सार्जोनो यांनी पडद्यावर बोट ठेवले, थोडा वेळ थांबले, पाण्यात हात घालून थांबत तसे, आणि मग दोन बोटे वर केली. बू विनार्सिह यांनी दोन ठोके दिले: पुरे.

दरीत शांतता झाली. मग वरून आणखी एक ठोका आला.

"पुरे म्हटलं की!" बू विनार्सिह म्हणाल्या.

पाक सार्जोनो यांनी पडद्याकडे पाहिले. "ऐकलं त्यांनी," ते म्हणाले. "ही पायरी त्यांची." आणि त्यांनी टोपी काढून, दिसणार नाही हे माहीत असूनही, दरीच्या दिशेने मान लववली.

रविवारी दुपारी तपासणीच्या गृहस्थांनी दोन तास मोजले, चार पेले चहा घेतला आणि 'ठीक' एवढा एकच शब्द लिहिला. सोमवार ते गुरुवार चौसष्ट मुलांनी परीक्षा दिली. जोडणी एकदाही तुटली नाही. त्या चारही सकाळी बू रुमियातुन मनोऱ्याच्या पायथ्याशी पाट मांडून लसूण सोलत बसल्या होत्या, विचारणाऱ्याला सांगत, "पुतण्या वर चढून आवाज वाढवील म्हणून बसलेय." पुतण्या मात्र त्या चारही दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता.

एक गोष्ट बू रुमियातुन यांनी मला सांगितली आणि पाक उलूंना कळू देऊ नका अशी ताकीद दिली. शक्ती उतरवल्यापासून त्यांच्या जवळच्या घरांचे इंटरनेट आधीपेक्षा नीट चालू लागले होते. फार मोठ्याने बोलले की कानाशी बसलेल्यालाच कळत नाही, असे कारण त्या स्वतःच मला समजावून सांगू लागल्या. मी ताकीद पाळली. पाक सार्जोनोंना ते बाईंच्याच ग्राहकांनी आधीच सांगितले होते, आणि त्यांनीही ते बू रुमियातुन यांना कळू दिले नाही.

जूनमध्ये ग्रामसभेने ठराव केला. सात कलमे मी लिहिली. पहिले कलम पाक सार्जोनो यांच्या शब्दांत आहे: जो उंचावर त्याने हळू बोलावे. पाळीपत्रक दर तीन महिन्यांनी बदलायचे, आणि पाळी खालच्या वाडीपासून सुरू करायची. कालिगोंडांगच्या म्हातारीकडे ते स्वतः बदकांची पिल्ले घेऊन गेले. तिने पिल्ले ठेवून घेतली आणि पाक सार्जोनोंना मक्याचा भात वाढून तासभर बोलणी ऐकवली. त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये ते तिच्याकडे जात. बोलणी कमी झाली नाहीत, असे ते समाधानाने सांगत.

त्यांचे हृदय दुर्बळ झाले होते. जुलै २०२१ मध्ये एका दुपारी पाटावरून परत येऊन ते ओसरीवर निजले, आणि उठले नाहीत. चपला कुदळीलाच होत्या.

त्यांच्यामागे जे ठरले ते असे. पाण्याचे पाटकरीपद ग्रामसभेने वेनिंगकडे दिले. हवेची वही, त्यांच्या सांगण्यावरून, बू रुमियातुन यांच्याकडे गेली. त्या म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा गृहपाठ देतोय हा माणूस," आणि दुकानात बिस्किटांच्या डब्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वहीत रडारच्या चॅनलांची उभी ओळ आजही पूर्ण कोरी आहे. तिच्या शिरोभागी पाक सार्जोनो यांच्या अक्षरात लिहिले आहे, 'राखीव: पावसासाठी.' बू रुमियातुन यांनी त्या ओळीत एकही ठिपका पडू दिलेला नाही. कढई पुतण्याने छपरावरून उतरवली, घासली आणि तुगिनेम यांना नेऊन दिली. त्यांनी मधल्या भोकातून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आता गळतील ना कौलं. ने परत वर."

एक गोष्ट राहून गेली आहे. त्या शुक्रवारच्या बैठकीचे इतिवृत्त तालुका कार्यालयाने दोनदा परत पाठवले आहे, पहिल्या पानावर चिखलाचा डाग आहे आणि चौथी व पाचवी ओळ वाचता येत नाही, या कारणास्तव. स्वच्छ प्रत करून पाठवावी, असा शेरा आहे. कागद आहे, शाई आहे, त्या दोन ओळी मला पाठही आहेत. ती प्रत मी अद्याप केलेली नाही.